फोनवर वाय-फायच्या दांड्या पूर्ण, तरी नेट तुटतंय : जुन्या घरात नेमकं काय तपासायचं?

निशिगंध | सोमवार, सकाळी ९.४०

नमस्कार. शिवाजी पेठेतलं जुनं घर आहे. पुढं सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि शेवटी परडं, सगळं एका रेषेत. खालच्या भिंती दगड-मातीच्या, जाडी दीड फुटाच्या वर. फायबरचं कनेक्शन, प्लॅन १०० एमबीपीएसचा. राउटर सोप्यात, टीव्हीखालच्या स्टीलच्या कपाटात.

सोप्यात फोन व्यवस्थित चालतो. माजघरात गेलं की व्हिडिओ कॉल अडखळतो. स्वयंपाकघरात दोन-तीन दांड्या दिसतात, पण व्हॉट्सअ‍ॅपचा फोटोही जात नाही. थोड्या वेळानं ‘कनेक्टेड, इंटरनेट नाही’ असं येतं, नाहीतर फोन गुपचूप मोबाईल डेटावर जातो आणि दिवसाचा डेटा संपतो. सासऱ्यांचा जुना फोन तर सोप्यात बसूनही अधूनमधून तुटतो. राउटर बंद-चालू केला की काही वेळ बरं असतं. सोप्यात स्पीड टेस्ट ९४ दाखवते.

नवा राउटर घ्यायचा की दोष फोनमध्ये आहे? क्रमानं काय तपासू ते सांगा.


वायरमन_राजारामपुरी | सोमवार, सकाळी १०.१५

ताई, खरेदी सगळ्यात शेवटी. आधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते वेगळं करा. फोन ते राउटर हा पहिला टप्पा, राउटर ते बाहेरची लाईन हा दुसरा. दोन्हींतला बिघाड फोनच्या पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो, म्हणून लोक उगाच राउटर बदलत बसतात.

फोनच्या सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा, जोडलेल्या नावापुढचं चाकाचं चिन्ह दाबा. तिथं ‘गेटवे’ किंवा ‘राउटर’ असा पत्ता असेल. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या राउटरला १९२.१६८.२९.१. तो लिहून घ्या. मग पिंग (छोटा संदेश पाठवून त्याचं उत्तर किती वेळात येतं ते बघणं) मोजणारं एखादं अ‍ॅप घ्या, पिंगटूल्स किंवा वायफायमॅन, दोन्ही फुकट आहेत. मोबाईल डेटा बंद करा आणि एका जागी उभं राहून आधी गेटवेला १०० पिंग, मग ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या बाहेरच्या सर्व्हरला, १०० पिंग. सोपा, माजघर, स्वयंपाकघर अशा तिन्ही ठिकाणी.

गेटवेचंच उत्तर शेकड्यांत उड्या मारत असेल किंवा पिंग हरवत असतील, तर दोष घरातल्या वाय-फायचा. कंपनीला फोन करून उपयोग नाही. गेटवे १० मिलिसेकंदांच्या आत स्थिर आहे आणि ८.८.८.८ मात्र हरवतंय, तर दोष लाईनचा. पहिला एखादा पिंग हळू आला तर तो सोडून द्या, फोनचा रेडिओ बॅटरी वाचवायला झोपलेला असतो. त्याच कारणानं लॅपटॉपवरून फोनला पिंग केलं की आकडे वेडेवाकडे येतात. तो बिघाड नव्हे.

राउटरच्या पानावर ‘अपटाइम’ही, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे तेही, बघा. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला की पान उघडतं, पासवर्ड राउटरखालच्या चिकटपट्टीवर असतो. तुम्ही बंद केला नसताना अपटाइम तासा-दोन तासांचाच दिसला, तर राउटर स्वतःच रीस्टार्ट होतोय. तेव्हा संशय अ‍ॅडॉप्टरवर.

एक कळकळीची सूचना. राउटरच्या मागचं टाचणीनं दाबायचं रीसेटचं बटण कुणीही दाबू नका. त्यानं पीपीपीओईचं (कंपनीच्या लाईनला लॉगिन व्हायचं) युजरनेम, व्हीलॅन, अशी कंपनीनं भरलेली सगळी सेटिंग पुसली जाते आणि माणूस येईपर्यंत घर बिनइंटरनेटचं राहतं. बंद-चालू वेगळं, रीसेट वेगळं.


तांबडापांढरा | सोमवार, दुपारी १२.०५

वायरमनदादांनी सांगितलेली मोजणी कराच. फोनवर दिसणाऱ्या दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मर्जीनं आखते. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात असतो. अँड्रॉइडवर ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात वाय-फायचं ‘व्हर्बोज लॉगिंग’ चालू केलं की वाय-फायच्या यादीत प्रत्येक नावाखाली हा आकडा दिसतो. आयफोनवर अ‍ॅपलचं एअरपोर्ट युटिलिटी अ‍ॅप घ्या आणि आयफोनच्या सेटिंग्जमध्ये त्या अ‍ॅपखालचा ‘वाय-फाय स्कॅनर’ चालू करा.

आकडा उणे असतो, शून्याकडे जाईल तितका चांगला. उणे ५० उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७० च्या पुढं कुरकुर सुरू होते आणि उणे ८० म्हणजे नावापुरतं कनेक्शन. ही पट्टी सरळ नाही हे ध्यानात ठेवा. ३ डीबी घसरले की ताकद निम्मी, १० डीबी घसरले की दहावा हिस्सा.

आता डेटा संपण्याबद्दल. वाय-फाय कमजोर झालं की फोन आपणहून मोबाईल डेटावर उडी मारतो. सॅमसंगमध्ये वाय-फायच्या पानावर तीन ठिपक्यांत ‘इंटेलिजंट वाय-फाय’, आयफोनमध्ये मोबाईल डेटाच्या पानाच्या अगदी तळाशी ‘वाय-फाय असिस्ट’, शाओमीत ‘डब्ल्यूलॅन असिस्टंट’. मोजणी संपेपर्यंत हे बंद ठेवा. चालू असेल तर तुम्ही मोजताय वाय-फाय आणि आकडा येतोय मोबाईलचा, असं होतं.

‘इंटरनेट नाही’ची आणखी दोन कारणं फोनमध्येच असतात. एक म्हणजे प्रायव्हेट डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय). जाहिराती थांबवायला तिथं कुणी एखाद्या सर्व्हरचं नाव घातलं असेल आणि तो सर्व्हर बंद पडला, तर पिंग चालतो पण एकही पान उघडत नाही. ते ‘ऑटोमॅटिक’वर आणा. दुसरं म्हणजे नको असलेलं व्हीपीएन अ‍ॅप. बॅटरी सेव्हरही मोजणीपुरता बंद करा.

नेटवर्क ‘फर्गेट’ करून पुन्हा जोडणं निरुपद्रवी आहे, आधी तेच करा. ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ मात्र शेवटी. सगळी साठवलेली वाय-फाय नावं, ब्लूटूथ जोड्या आणि मोबाईलची एपीएन (मोबाईल डेटा जोडायची) सेटिंग त्यात जातात.


पन्हाळा_दर्शन | सोमवार, दुपारी १२.३०

एवढा खटाटोप कशाला? स्वयंपाकघरात एक रिपीटर लावा, भिंतीतल्या प्लगला बसतो, विषय संपला.


वायरमन_राजारामपुरी | सोमवार, दुपारी १२.५०

स्वयंपाकघरात लावला तर मुळीच उपयोग होणार नाही. रिपीटर आलेला सिग्नलच पुढं पाठवतो, नवा तयार करत नाही. जिथं सिग्नल आधीच कमजोर आहे तिथं लावला तर फोनवर दांड्या पूर्ण दिसतील आणि मागचा दुवा कुजकाच राहील. लावायचाच तर उणे ६० ते ६५ मिळतंय अशा मधल्या जागी. आणि एकाच बँडवर (२.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) ऐकणारा-बोलणारा स्वस्त रिपीटर वेग निम्म्याच्याही खाली आणतो. आधी आकडे येऊ देत.


निशिगंध | सोमवार, रात्री ८.२०

सगळं मोजलं.

सोपा, राउटरपासून सात-आठ फुटांवर : ५ गिगाहर्ट्झ, उणे ५२. गेटवे ३ ते ८ मिलिसेकंद, एकही पिंग हरवला नाही. ८.८.८.८ ला १२ ते १८, तिथंही काही हरवलं नाही.
माजघर : ५ गिगाहर्ट्झ, उणे ७४. गेटवे २० ते १८०, शंभरातले ६ हरवले.
स्वयंपाकघर : फोन आपणच २.४ वर गेला, उणे ७६. गेटवे ४० ते ६००, शंभरातले २२ हरवले.

राउटरचा अपटाइम १९ दिवस. राउटरच्या पानावर २.४ ला चॅनल ‘ऑटो’, सध्या ४, रुंदी ४० मेगाहर्ट्झ. ५ ला ‘ऑटो’, सध्या ६०. सुरक्षेपुढं ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिक्स्ड’ असं आहे.


वायरमन_राजारामपुरी | सोमवार, रात्री ९.१०

असे आकडे असले की निदान सोपं होतं. लाईन चांगली आहे आणि अ‍ॅडॉप्टरही, नाहीतर १९ दिवसांचा अपटाइम दिसला नसता. बिघाड पूर्ण घरातल्या वाय-फायचा आहे.

पहिलं बोट मी सोप्यातल्या उणे ५२ वर ठेवीन. सात-आठ फुटांवर, समोरासमोर, उणे ४० च्या आसपास यायला हवं. बाकीचं तुमचं स्टीलचं कपाट खातंय. १२ डीबी म्हणजे ताकद सोळाव्या हिश्शावर आली, आणि ती एकही भिंत ओलांडायच्या आधी. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, भरलेली पाण्याची टाकी, स्टीलच्या भांड्यांची मांडणी, यांतलं काहीही राउटर आणि फोनच्या मध्ये आलं की हेच होतं. धातू आणि आरशामागचा मुलामा लहरी परतवतात, पाणी त्या शोषून घेतं. दगड-मातीची भिंतही पावसाळ्यात ओल धरते, म्हणून अशा घरांत मे महिन्यात चाललेलं वाय-फाय जुलैत रडायला लागतं.

आता दांड्या दिसूनही फोटो का जात नाही ते. राउटरचा आवाज मोठा असतो, फोनचा लहान. फोनची प्रक्षेपण ताकद बॅटरी आणि छोट्या अँटेनामुळं राउटरपेक्षा बरीच कमी असते. मंडळाचा भोंगा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतो, पण टोकावरून तुम्ही मारलेली हाक मांडवात पोचत नाही, तसं. फोनवरच्या दांड्या फक्त भोंगा किती ऐकू येतो तेवढंच सांगतात. फोटो पाठवणं, व्हिडिओ कॉलमधला तुमचा चेहरा, आणि आलेल्या प्रत्येक पॅकेटची पोच, ही सगळी फोनची हाक. म्हणून राउटरची ताकद वाढवून किंवा चार दांडक्यांच्या अँटेनाचा राउटर आणून अशा घरात फारसा फरक पडत नाही. राउटर फोनच्या जवळ न्यावा लागतो.

करायचं असं :

राउटर कपाटातून बाहेर काढा आणि सोपा-माजघराच्या दारालगत, सहा फूट उंचीवर, लाकडी फळीवर ठेवा. माजघराचं आणि स्वयंपाकघराचं दार एका रेषेत असतील तर त्या रेषेत. जाड भिंतीतून सिग्नल रेटण्यापेक्षा दारातून जाऊ देणं केव्हाही चांगलं. अँटेना उभ्या ठेवा.

२.४ गिगाहर्ट्झला चॅनल हातानं ठरवा, १, ६ किंवा ११. एकमेकांवर न चढणारे हे तीनच. वायफाय अ‍ॅनलायझरसारख्या अ‍ॅपमध्ये शेजारपाजारच्यांची गर्दी कुठं कमी आहे ते बघा. चॅनल ४ म्हणजे १ वाल्यांचाही त्रास आणि ६ वाल्यांचाही. रुंदी २० मेगाहर्ट्झ करा. ४० ठेवली की पेठेच्या दाटीत निम्म्या गल्लीचा गोंगाट आपल्याकडं ओढला जातो. आपल्याकडं १३ पर्यंत चॅनल चालतात, पण अमेरिकेतून आणलेल्या काही फोनना १२ आणि १३ दिसतच नाहीत.

५ गिगाहर्ट्झला ६० वरून हलवा. ५२ ते १४४ हे पट्टे रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. तिथं राउटरला आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकावं लागतं, आणि रडारसारखं काही जाणवलं की चॅनल सोडून पळावं लागतं. त्या पळापळीत फोन तुटतो. ३६ ते ४८ पैकी किंवा १४९ ते १६१ पैकी एक ठरवून द्या.


उद्यमनगरी | सोमवार, रात्री ९.४५

राउटर हलवताना फायबरची काळजी घ्या. पिवळी किंवा पांढरी पॅच कॉर्ड ताणू नका, तीन सेंटिमीटरपेक्षा लहान वळण देऊ नका, खिळ्याच्या क्लिपनं दाबू नका. आत काच आहे. वायर तुटलेली दिसत नाही, पण वळणातून प्रकाश गळतो. लांबी पुरत नसेल तर तीन किंवा पाच मीटरची तयार कॉर्ड मिळते. टोक हिरवं असेल तर हिरवंच घ्यायचं, निळं त्यात बसल्यासारखं वाटतं पण दोन्हींच्या टोकांचा कोन वेगळा असतो, सिग्नल पडतो. टोकाला बोट लावू नका, फुंकर मारू नका, आणि चालू कॉर्डच्या तोंडात डोळा घालून बघू नका. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही, तरी इजा करतो.


निशिगंध | सोमवार, रात्री १०.००

हे उद्या करते. सासऱ्यांच्या फोनचं काय करू? तो राउटरसमोर असूनही तुटतो, आणि साधारण तासातासानं. पाच-सहा वर्षांपूर्वीचा फोन आहे, फक्त २.४ वाला. शिवाय ते ब्लूटूथचं कानातलं लावून भजनं ऐकतात, ती मध्येच तुटतात.


तांबडापांढरा | सोमवार, रात्री १०.२५

ठराविक अंतरानं तुटतोय ही फार मोलाची खूण आहे. भिंत किंवा गोंगाट घड्याळ बघून त्रास देत नाहीत. ठराविक वेळेला तुटलं की घड्याळावर चालणारी गोष्ट शोधायची. राउटरमध्ये अशा दोन असतात.

एक म्हणजे ‘ग्रुप की’ बदलण्याची मुदत. बऱ्याच राउटरांत ती ३६०० सेकंद, म्हणजे बरोबर तासाची असते. त्या क्षणी राउटर सगळ्यांना नवी किल्ली देतो आणि काही जुने फोन ती घेताना अडखळून बाहेर पडतात. वायरलेस सिक्युरिटीच्या पानावर ‘ग्रुप की अपडेट पीरियड’ सापडला तर ८६४०० करा. दुसरी गोष्ट ‘डीएचसीपी लीज’, म्हणजे राउटरनं फोनला वाटलेल्या पत्त्याची मुदत. ती तासाची असेल तर २४ तासांची करा.

तिसरं कारण घड्याळाचं नाही, पण जुन्या फोनांना हमखास नडतं : डब्ल्यूपीए२/३ मिक्स्ड. त्यात ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ (पीएमएफ) नावाची सोय चालू होते आणि जुन्या फोनच्या वाय-फाय चिपला ती पचत नाही. ती ‘ऑप्शनल’ करा. तरीही तुटला तर २.४ पुरती सुरक्षा ‘डब्ल्यूपीए२, एईएस’ ठेवा. टीकेआयपी असलेला पर्याय निवडू नका, ती जुनी सुरक्षा असुरक्षित आहे आणि वेगही ५४ एमबीपीएसवर अडवते.

भजनं तुटण्याचं कारण सरळ आहे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं आणि बहुतेक फोनांत वाय-फाय आणि ब्लूटूथ एकच चिप सांभाळते, दोघांना आळीपाळीनं वेळ देते. चॅनल मोकळा आणि रुंदी २० झाली की बराच फरक पडेल. कानातलं जुनं असेल तर कानातलं ज्या कानात आहे त्याच बाजूच्या खिशात फोन ठेवायला सांगा, मध्ये शरीर आलं की ब्लूटूथ हमखास अडतं.


मोबाईल_दुरुस्ती | मंगळवार, सकाळी ८.५०

फोनच बिघडलाय का, हे ओळखायची सोपी रीत : दोन फोन शेजारी शेजारी, एकाच जागी, एकाच बँडवर ठेवून डीबीएम बघा. ५-६ चा फरक चालतो. १५-२० चा फरक आला तर कमजोर फोनचा अँटेना गेला. फोन पडल्यावर किंवा डिस्प्ले बदलल्यावर हे होतं. काही फोनांत आत केसासारखी कोअॅक्स वायर असते, तिचं बटणाएवढं टोक नीट टिचकन् बसवलं नाही तर राउटरसमोर चालतो आणि दाराबाहेर मरतो. दुरुस्ती केलेल्या दुकानातच दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे.

वाय-फायचं बटण राखाडी होऊन दाबलंच जात नसेल, किंवा मॅक पत्ता (वाय-फाय चिपचा ओळख क्रमांक) ०२:००:००:००:००:०० दाखवत असेल, तर चिपपर्यंतचा संबंध तुटलाय. ते सेटिंगनं बरं होत नाही.

कव्हर काढूनही एकदा मोजा. गाडीतल्या मॅग्नेट होल्डरसाठी कव्हरमध्ये ठेवलेली लोखंडी चकती अँटेनावर आली तर चांगलेच डीबी खाते.


कळंबेकर | मंगळवार, सकाळी ९.३०

याच धाग्यात विचारतो. आमच्याकडं पिंगचा निकाल उलटा आहे. गेटवे ४ मिलिसेकंद, स्थिर. ८.८.८.८ मात्र पाऊस सुरू झाला की तासभर जातंच नाही, राउटरवर लाल दिवा लुकलुकतो. घरातलं काही करायचं बाकी आहे का?


उद्यमनगरी | मंगळवार, सकाळी १०.१०

लाल ‘लॉस’ दिवा म्हणजे प्रकाशच येत नाही, किंवा पुरेसा येत नाही. राउटरच्या पानावर ‘ऑप्टिकल’ किंवा ‘पॉन’ असं पान असतं, तिथं ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही चालणारी मर्यादा, उणे १५ ते उणे २४ मध्ये असेल तर निवांत. कोरड्या दिवशी उणे २६ असेल तर पाऊस पडल्यावर तो उणे २८-२९ वर जाणारच. खांबावरच्या जोडपेटीत पाणी शिरतं, किंवा झाडाच्या फांदीच्या वजनानं वायर वाकते.

कोरड्या दिवसाचा आणि पावसातला, दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट वेळेसकट काढून तक्रारीबरोबर द्या आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ‘नेट जातंय’ म्हटलं की फोनवर बंद-चालू करायला सांगतात, आरएक्स पॉवर उणे २८ म्हटलं की जोडणी करणारा माणूस येतो.

घरातलं एकच : बाहेरून येणाऱ्या फायबरच्या वायरीत ताण घ्यायला पोलादी तार असते. काचेतून वीज वाहत नाही, पण त्या तारेतून वाहते. वळवाच्या विजांत ती घरात आणू देऊ नका. बाहेरच्या हुकाला बांधून तिथंच कापायला सांगा, आत फक्त फायबर.


निशिगंध | मंगळवार, सायंकाळी ६.४०

राउटर दाराजवळच्या फळीवर आला. २.४ ला चॅनल ११, रुंदी २०. ५ ला ३६. ग्रुप की ८६४००, पीएमएफ ऑप्शनल.

सोपा उणे ३९. माजघर ५ वर उणे ६१, गेटवे ४ ते १५, एकही पिंग हरवला नाही. स्वयंपाकघर ५ वर उणे ७८, २.४ वर उणे ६७, शंभरातले २ हरवतात. परड्यात २.४ वर उणे ८१. सासऱ्यांचा फोन दुपारपासून तुटलेला नाही.

स्वयंपाकघरात फोन कधी ५ ला धरून बसतो, कधी २.४ ला जातो, आणि त्या अदलाबदलीत कॉल थांबतो. घरी जुना एक राउटर पडून आहे, सिंगल बँडचा नाही, दोन्ही बँडचा. तो मागं लावता येईल का?


वायरमन_राजारामपुरी | मंगळवार, सायंकाळी ७.३०

येईल, आणि तुमच्या घराला हाच खरा उपाय आहे. रिपीटर नाही, वायरवरचा दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट. दोन जाड भिंतींमधून हवेतला दुवा नेण्यापेक्षा वायर नेली की भिंतीचा प्रश्नच मिटतो.

वायर कॅट६, शुद्ध तांब्याची. ‘सीसीए’ लिहिलेली घेऊ नका, ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, टोकं मोडतात आणि जोड सैल पडतात. घरातल्या घरात १५ मीटर पुरेल, तांत्रिक मर्यादा १०० मीटर. विजेच्या वायरीच्या पट्टीतूनच ओढू नका, फूटभर लांबून न्या, ओलांडायची वेळ आली तर काटकोनात. जुनी दगडी भिंत ड्रिलनं फोडण्यापेक्षा चौकटीच्या कोपऱ्यातून किंवा तुळईखालच्या फटीतून जाते का बघा. दगड-मातीच्या भिंतीत ड्रिल चालवला की आतली माती ओघळते आणि भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं. परड्याच्या उघड्यावरून वायर नेऊ नका.

दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच : पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही तारा टेस्टरवर लागल्या पाहिजेत. चारच लागल्या तरी नेट चालतं, पण वेग १०० वर अडकतो. उद्या प्लॅन २०० चा घेतलात आणि टेस्ट ९४ च्या वर हलेना, तर हेच शोधा, किंवा राउटरचं पोर्टच १०० चं असेल.

जुन्या राउटरची तयारी वायर जोडायच्या आधी करा. त्याच्या वाय-फायला फोन जोडून त्याचं पान उघडा. ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, बाकी तो स्वतः करतो. नसेल तर :

आधी वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार तिन्ही मुख्य राउटरसारखंच अक्षरशः तेच ठेवा. चॅनल मात्र वेगळे : मुख्याला २.४ वर ११ असेल तर याला १, मुख्याला ५ वर ३६ असेल तर याला १४९. मग डीएचसीपी बंद. हे विसरलं की घरात दोन जण पत्ते वाटतात, काही फोनांना चुकीचा गेटवे मिळतो आणि ‘इंटरनेट नाही’ परत येतं, तेही कधी या फोनला कधी त्या. सगळ्यात शेवटी लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ आहे असं धरून, आणि मुख्याच्या वाटपाच्या यादीत २ नंबर नाही हे बघून. पत्ता बदलला की पान तुटेल, ते अपेक्षित आहे.

मग मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून जुन्याच्या लॅन पोर्टमध्ये वायर. जुन्याचं वेगळ्या रंगाचं वॅन पोर्ट रिकामं.


पन्हाळा_दर्शन | मंगळवार, रात्री ८.००

नावं वेगळी ठेवलेली बरी नव्हेत का? ‘घर-पुढं’ आणि ‘घर-मागं’. कुठं जोडलंय ते तरी कळतं.


तांबडापांढरा | मंगळवार, रात्री ८.२०

पहिल्या दिवशी तपासायला वेगळी ठेवा, नंतर एक करा. वेगळ्या नावाला फोन पूर्ण तुटल्याशिवाय बदलत नाही. सोप्यातल्या नावाला उणे ८२ पर्यंत लोंबकळत राहतो. एकच नाव असेल तर फोन जवळचा राउटर शोधतो. आयफोन साधारण उणे ७० च्या खाली गेला की शोधायला लागतो, अँड्रॉइडचं कंपनीगणिक बदलतं. बदलायचा निर्णय फोनचा असतो, राउटरचा नाही. म्हणूनच दोन्ही राउटरांची प्रक्षेपण ताकद ‘हाय’वरून ‘मीडियम’ करावी. पुढचा राउटर मागच्या खोलीत उगाच ऐकू येत राहिला तर फोन त्याला सोडत नाही. ‘८०२.११आर’ किंवा ‘फास्ट रोमिंग’ (एका राउटरवरून दुसऱ्यावर झटपट जायची सोय) दिसलं तर बंद ठेवा, सासऱ्यांच्या फोनसारख्या जुन्यांना ते चालत नाही.


निशिगंध | मंगळवार, रात्री ८.४५

शेवटचं. वीज गेली की दोन्ही बंद. छोटा यूपीएस मिळतो म्हणतात, तो कुठला घ्यायचा?


उद्यमनगरी | मंगळवार, रात्री ९.१५

अ‍ॅडॉप्टरवर ‘आउटपुट’ वाचा. १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर यूपीएस १२ व्होल्टचाच, अँपिअर १ किंवा जास्त. व्होल्ट बदललेला चालत नाही, अँपिअर जास्त असलेले चालतात. पिनेचा गोल ५.५ मिलिमीटर बाहेरून सारखाच दिसतो, आतलं भोक २.१ आणि २.५ असं दोन मापांचं असतं. २.१ च्या जागी २.५ घातली की सैल बसते आणि धक्का लागला की राउटर रीस्टार्ट होतो. अ‍ॅडॉप्टरवरच्या चिन्हात मधला ठिपका अधिक आहे ना, तेही दोन्हींवर जुळवा.

किती वेळ चालेल याचा हिशेब डब्यावरच्या मिलिअँपिअर-तासांवरून (एमएएच) सरळ करू नका, तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८००० लिहिलं असेल तर ८ गुणिले ३.७ म्हणजे साधारण ३० वॅट-तास, त्यातले वापरायला २४ धरा. राउटर ७ वॅट घेत असेल तर साडेतीन तासांच्या आत-बाहेर. मागचा राउटर त्यावरच चालवायचा तर वेळ निम्मा आणि अँपिअर दुप्पट लागतील, त्यापेक्षा वीज गेल्यावर पुढचा एकटाच चालू ठेवा.

यूपीएस घ्यायच्या आधी शेजारच्या इन्व्हर्टरवाल्याला विचारा की वीज गेल्यावर त्याचं नेट चालतं का. फायबर कंपनीपासून घरापर्यंत सरळ आला असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (प्रकाश अनेक घरांत वाटणाऱ्या जोडणीला) वीज लागत नाही. पण केबलवाल्यानं गल्लीत स्विच बसवून तिथून लॅन वायरनं घरं जोडली असतील, तर त्या स्विचला बॅकअप नसला की घरातल्या यूपीएसचा काही उपयोग नाही.